माणूस शोधण्याआधी कामाची मिनिटं मोजा

एका ताईंनी लिहून पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नवराबायको दोघंही नोकरीला, मुलं 3 आणि 7 वर्षांची, दोन बेडरूम आणि दोन बाथरूमचं घर. सकाळी साडेआठला कुलूप लागतं ते संध्याकाळी साडेसहाला उघडतं. वर्षभरात साफसफाईला तीन जणी ठेवून झाल्या. दोघींचं काम पटलं नाही, तिसरी स्वतःहून सोडून गेली. आता त्या विचारतात, चांगली माणसं मिळतात कुठे, चावी द्यावी का, आठवड्याला बोलवावं की पंधरवड्याला? आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय: "ती येण्याआधी तासभर मीच घर आवरत असते, मग पैसे कशाचे देते?"

माझ्या मते खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यातच आहे. घरसफाईची माणसं शिकवून तयार करणं आणि घराघरांत त्यांची वेळ बसवून देणं हे माझं रोजचं काम. त्यात सगळ्यात जास्त भांडणं ज्यावरून होतात ती गोष्ट म्हणजे आवरणं आणि साफ करणं ही दोन कामं एकच समजणं.

साफ करणाऱ्या हाताला निर्णय घ्यावे लागत नाहीत. बेसिन घासायचं म्हणजे घासायचं. आवरणाऱ्याला मात्र प्रत्येक वस्तूमागे ठरवावं लागतं की हा मोजा धुवायचा की घडी घालायचा, हा कागद चित्र आहे की कचरा, हा तुटका डबा जपून ठेवलाय की राहून गेलाय. घरच्या माणसाला हे दोन सेकंदांत कळतं. बाहेरून आलेल्याला कळत नाही, म्हणून तो सगळं उचलून एका कोपऱ्यात रचतो आणि संध्याकाळी तुम्ही चार्जर शोधत बसता. तीन वर्षांच्या मुलाच्या खोलीत जमिनीवरचं सामान उचलण्यातच 20-25 मिनिटं सहज जातात, आणि ती बाथरूमच्या वेळेतून कापली जातात.

तेव्हा थोडं आवरणं तुमच्याकडेच राहणार. पण त्याला तास लागू नये. तीनच जागा मोकळ्या करायच्या: जमीन, स्वयंपाकाचा ओटा आणि बाथरूममधल्या फळ्या. प्रत्येक खोलीत एक मोठी टोपली ठेवा आणि आदल्या रात्री जमिनीवरचं सगळं त्यात ढकला. वर्गवारी करायची नाही, घड्या घालायच्या नाहीत. सात वर्षांचं मूल हे करू शकतं, तीन वर्षांचंही खेळ म्हणून करतं. घड्याळ लावून 10-12 मिनिटं. टेबलावरचा पसारा, कपाटातला गोंधळ, पुस्तकांचे ढीग तसेच राहू द्या, सफाई त्यांच्याभोवतीने होते. आणि आवरणंही कुणीतरी करावं असं वाटत असेल तर ते वेगळं काम म्हणून, वेगळा वेळ धरून सांगा. तशी मदत मिळते, फक्त ती "जरा हेही बघा ना" या वाक्यात मागायची नसते.

आता मिनिटं. खालचे आकडे नेहमीच्या सफाईचे आहेत, म्हणजे घर आधी एकदा नीट साफ झालेलं आहे असं धरून. बाथरूमला 25 ते 35 मिनिटं. स्वयंपाकघराला 40 ते 50. यात ओटा, सिंक, शेगडी, कपाटांची दारं आली, भांडी नाहीत. बेडरूमला 15 ते 20, बैठकीच्या खोलीला 20 ते 25. सगळ्या घराचा केर आणि फरशी मिळून 30 ते 40. सामान काढणं, फडकी धुणं, कचरा बांधणं यात 15. तुमच्या घराला हे लावलं तर बेरीज तीन ते चार तासांच्या आसपास येते.

तुम्ही किती वेळ ठरवला होता ते लिहिलेलं नाही. पण दोन तास ठरवून "पूर्ण घर" सांगितलं असेल तर दीड तासाचं काम न होता राहणारच होतं. ते कुठे राहतं हेही ठरलेलं असतं: कमोडच्या मागची बाजू, नळाचं बूड, पलंगाखाली, दारामागचा कोपरा. समोर दिसतं ते आधी उरकलं जातं. मग आपण म्हणतो, वरवर हात फिरवून गेली. कामचुकार माणसं असतातच, पण "काम पटलं नाही" म्हणणाऱ्या घरांत मला बहुतेक वेळा तासांचा हिशेबच चुकलेला दिसतो.

पहिल्या खेपेला मात्र याच्या दुप्पट वेळ धरा. नळावर साठलेले क्षार आणि शेगडीमागचा तेलकट थर भिजवावा लागतो, काही ठिकाणी दोनदा. पहिल्याच दिवशी साडेतीन तासांत चकचकीत घर मागितलं तर नव्या माणसाची सुरुवातच अपयशाने होते.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. पाणी क्षारयुक्त असेल तर बाथरूमचा वेळ वाढतो. घरात कुत्रं-मांजर असेल तर केसांपायी केर काढायला जवळपास दीडपट वेळ लागतो. शेजारी बांधकाम चालू असेल तर धुळीचं गणितच बदलतं. आणि रांगतं मूल असेल तर फरशीला बाकी सगळ्याच्या आधी वेळ द्यावा लागतो.

किती दिवसांनी बोलवावं, याचं उत्तर सगळ्या घराला एकच नाही. बाथरूम आणि स्वयंपाकघर दर आठवड्याला. तिथे साबणाचा आणि तेलाचा थर बसतो आणि त्यात क्षार धरले की तो घट्ट होतो. सात दिवसांचा थर फडक्याने निघतो, तीन आठवड्यांच्या थराला घासणी लागते आणि घासणीने ओरखडे पडतात. बेडरूमची धूळ पंधरा दिवस थांबू शकते. खर्च तीन-साडेतीन तासांचाच परवडत असेल तर दर आठवड्याला दोन्ही बाथरूम, स्वयंपाकघर, सगळीकडे केर-फरशी आणि वर 20-30 मिनिटांचं एक फिरतं काम ठेवा: एकदा फ्रिज, एकदा पंखे, एकदा पलंगाखाली, एकदा खिडक्या, एकदा दारं आणि स्विच. बेडरूमची धूळही याच फेऱ्यात बसवा. सहा-आठ आठवड्यांत घर एकदा पूर्ण फिरून होतं आणि कुठलीच खेप साडेतीन तासांच्या पुढे जात नाही.

माणूस शोधताना पहिला फाटा एजन्सी की थेट ओळखीतून, हा. एजन्सीत खाडा पडला तर बदली मिळते, ओळख तपासलेली असते (कशी तपासली ते विचारा), काहींकडे नुकसानीचा विमा असतो. तोटा एवढाच की दर वेळी नवा हात येऊ शकतो आणि नव्या हाताला तुमचं घर पुन्हा पहिल्यापासून कळावं लागतं. थेट ठेवलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून घर ओळखायला लागतो, पण तो आजारी पडला की तुमच्याकडे दुसरी सोय नसते. दिवसभर बंद राहणाऱ्या आणि लहान मुलं असलेल्या घरात एकच ओळखीचा माणूस येत राहणं मला जास्त मोलाचं वाटतं. एजन्सीकडून घेतलं तरी तेच मागा आणि मिळणार नसेल तर पुढे जा.

चौकशी करताना "कशी आहे?" विचारू नका. उत्तर "चांगली आहे" हेच येतं. विचारा की किती महिने येत होती, आठवड्यातून किती वेळा, खाडा असेल तर आधी कळवायची का, आणि काम का थांबलं. जिथे ती आजही काम करते त्या घराशी बोलायला मिळालं तर उत्तम.

मग एक चाचणी खेप, पूर्ण पैसे देऊन. सगळं घर नको. एक बाथरूम आणि स्वयंपाकघर, दीड तास. शेवटी किती चमकतंय यापेक्षा काम कसं केलं ते पाहा. एका बाथरूममध्ये सगळं कळतं, म्हणून ते जरा जवळून सांगतो.

जाणकार हात आधी फळ्यांवरच्या बाटल्या बाहेर काढतो. मग कोरड्या जमिनीवरचे आणि जाळीवरचे केस गोळा करतो, कारण एकदा पाणी पडलं की केस फडक्याला चिकटून सगळ्या फरशीवर पसरतात. त्यानंतर कमोडच्या कडेखाली क्लीनर सोडतो आणि त्याला हात लावत नाही. नळ आणि काचेवर क्षार काढायचं पाणी मारतो आणि तेही तसंच ठेवतो. एवढ्यात आरसा, दिव्याचं बटण, दाराची मूठ. 10 मिनिटांनी परत येऊन नळ, बेसिन, भिंतीच्या टाइल्स, वरून खाली. नळाचं बूड जुन्या टूथब्रशने. कमोड सगळ्यात शेवटी, आणि त्यातही वरून खाली: टाकी, झाकण, सीट, बिजागऱ्या, मग पायथा आणि मागची बाजू. फरशी पुसत पुसत दाराकडे येतो आणि बाहेर पडतो.

नवखा हात फवारतो आणि लगेच पुसतो. औषधाला काम करायला वेळच मिळत नाही, म्हणून जोर लावावा लागतो, जोरासाठी तारेची घासणी येते आणि नळाची चकाकी कायमची जाते. हे शिकवता येतं, त्यात माणूस नाकारण्यासारखं काही नाही. कमोडचं फडकं बेसिनला लागलं आणि सांगूनही पुन्हा लागलं, तर मात्र मी पुढे जात नाही.

फडक्यांसाठी रंग ठरवून टाका: लाल कमोडला, पिवळा बेसिन-टाइल्सना, हिरवा स्वयंपाकघराला, निळा बाकी सगळीकडे. मायक्रोफायबरची प्रत्येकी तीन-चार फडकी पुरतात. ती धुताना कपडे मऊ करायचं द्रव्य घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं धूळही धरत नाही आणि पाणीही शोषत नाही.

साहित्य तुम्हीच आणून ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या घरात कुठली फरशी आहे आणि मूल काय तोंडात घालतं हे तुम्हाला माहीत असतं. फार काही लागत नाही: भांड्यांचा द्रव साबण, फरशीचं सौम्य क्लीनर, सायट्रिक अ‍ॅसिड, कमोडचं क्लीनर आणि ब्लीच. क्षारांसाठी 1 लिटर पाण्यात 2 मोठे चमचे सायट्रिक अ‍ॅसिड. नळावर त्यात भिजवलेलं फडकं 10-15 मिनिटं गुंडाळून ठेवायचं आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. संगमरवरावर हे चालत नाही, व्हिनेगर किंवा लिंबूही नाही. संगमरवर मूळचा कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल लागलं की तो खरोखर विरघळतो आणि पांढुरका डाग पडतो. तो डाग पुसून जात नाही, दगड पुन्हा पॉलिश करावा लागतो.

फरशी पुसूनही चिकट लागते ही तक्रार नेहमीची. बादलीत झाकणभर ओतायचं तिथे चार झाकणं ओतली जातात आणि उरलेला साबण सुकून त्यावर धूळ बसते. बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा थेंबही जास्त नको, आणि पाणी दोन खोल्यांनंतर बदलायचं.

ब्लीचबद्दल पहिल्याच दिवशी, समोर उभं राहून सांगा. ब्लीच आणि कमोडचं आम्लाचं क्लीनर एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको, त्यातूनही विषारी वाफा निघतात. "दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ होतं" हा समज फार ठिकाणी पक्का बसलेला आहे, म्हणून मी दोन्ही बाटल्या एका फळीवरसुद्धा ठेवू देत नाही. जंतुनाशकाची गरजही सगळीकडे नसते. कमोड, डायपर बदलायची जागा, कचऱ्याचा डबा, घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर त्या जागा, एवढं पुरे. आधी साबणाने धुवायचं, कारण मळ असेल तर क्लोरिन त्यातच खर्च होतो. मग 5 टक्क्यांच्या ब्लीचचे 20 मिलिलिटर घेऊन थंड पाण्याने 1 लिटर करायचे, म्हणजे 0.1 टक्क्याचं द्रावण होतं. बाटलीवर दिलेल्या वेळेपर्यंत जागा ओली राहू द्यायची, खिडकी उघडी, हातात मोजे. द्रावण रोज ताजं. तोंडात जाणाऱ्या खेळण्यांना साबणपाणीच बरं; जंतुनाशक वापरलंच तर नंतर स्वच्छ पाण्याने धुवा.

घरात तीन वर्षांचं मूल आहे म्हणून दोन नियमांत सूट नाही. कुठलंही क्लीनर पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीच ओतायचं नाही, मूळ बाटली कुलपात किंवा उंचावर. आणि पाण्याची बादली एकटी सोडायची नाही. अगदी लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. शक्यतो मुलं बाहेर असतानाच सफाई ठेवा. "अर्धा तास त्याच्याकडे बघता का?" हे साफसफाईला आलेल्या माणसाला विचारूच नका. मूल सांभाळणं हे वेगळं आणि जास्त जबाबदारीचं काम आहे, आणि हातात ब्लीच असताना तर नाहीच.

चावीचं सांगायचं तर तुमच्या वेळापत्रकात ती कधीतरी द्यावीच लागेल. पहिल्या तीन-चार खेपा सुट्टीच्या दिवशी, तुम्ही घरात असताना करून घ्या. मग चावी द्या, तिच्यावर पत्ता किंवा घरक्रमांक न लिहिता. आकड्यांचं कुलूप असेल तर तिला वेगळा कोड. दागिने, रोख आणि कागदपत्रं कुलपात. त्यात अविश्वास नाही. एखादी वस्तू सापडली नाही तर तुमची नजर विनाकारण तिच्याकडे वळू नये, याची ती सोय आहे. कॅमेरा असेल तर तो आहे आणि कुठे आहे हे सांगा.

तिसरी स्वतःहून का गेली हे तुम्हाला समजलेलं नाही, आणि मीही इथून सांगू शकत नाही. पण माणसं सोडून जातात त्याचं मला सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे पगार तोच आणि काम वाढत गेलेलं. आधी बाल्कनी, मग फ्रिज, मग मुलांच्या कपड्यांच्या घड्या. प्रत्येक काम "दहाच मिनिटांचं". अशी पाच झाली की पन्नास मिनिटं होतात. एक काम वाढवायचं तर एक कमी करा, नाहीतर वेळ आणि पैसे वाढवा.

सुरुवातीलाच ठरवायच्या गोष्टी: तास, दर, पैसे देण्याची तारीख, भरपगारी सुट्ट्या, खाडा कधी कळवायचा, आणि तुम्ही दोन आठवडे गावाला गेलात तर पैसे द्यायचे का. (माझं मत, किमान अर्धे द्यावेत, ती जागा तिने तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते.) कप फुटला तर पगारातून कापू नका. कापायला लागलात की फुटलेल्या वस्तू लपवल्या जातात. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 189 क्रमांकाचा करार आहे. तो 16 जून 2011 ला मंजूर झाला आणि 5 सप्टेंबर 2013 पासून अमलात आहे. कामाच्या अटी कामगाराला समजतील अशा सांगितलेल्या असाव्यात आणि आठवड्यातून सलग किमान 24 तास सुट्टी असावी, हे त्यात आहे. तुम्ही राहता तिथला किमान वेतनाचा आणि विम्याचा कायदा मात्र स्वतः तपासा. अटींसाठी स्टँपपेपर लागत नाही, फोनवरचा एक संदेश पुरतो.

दर खेपेच्या सूचनांसाठी फ्रिजवर एक कागद, एवढाच:

"मंगळवार: दोन्ही बाथरूम, ओटा-सिंक-शेगडी, सगळीकडे केर-फरशी. या वेळचं फिरतं काम: पलंगाखाली. आज नको: मुलांचं टेबल, चित्र वाळतंय."

तिला वाचायला जड जात असेल तर तेच बोलून पाठवा. तक्रार असेल तर त्याच दिवशी, एका वेळी एक, जागा दाखवून. "नीट करत जा" यातून कुणालाच काही कळत नाही. "ताई, नळाच्या मागे पांढरं राहतंय, तिथे फडकं गुंडाळून दहा मिनिटं ठेवाल का?" यातून सगळं कळतं. तीच गोष्ट तिसऱ्यांदा राहिली तर आधी वेळ पुरतोय का पाहा, मग हत्यार बरोबर आहे का पाहा. ब्रश झिजलेला असेल तर कोपरा निघणारच नाही. हे दोन्ही ठीक असेल, तरच माणूस बदलायचा विचार.

पहिल्या चार खेपांत तिला एकच जास्तीचं काम सांगा: प्रत्येक खोलीत शिरताना आणि बाहेर पडताना घड्याळ बघून वेळ त्या कागदावर लिहायची. चौथ्या खेपेला दोघींनी मिळून ते आकडे बघा. मी वर दिलेले खोडून टाका आणि तुमच्या घराचे तास त्यावरून ठरवा.